इर्गी म्हणजे ऊठ

पहाटे ४:५०

"इर्गी!"

मावशी चुलीपाशी बसूनच हाक मारते. हात लाकडं सारतायत, मान सुनेच्या खोलीकडे. आतून आवाज येतो, "उठले, आई." मावशी फुंकणी बाजूला ठेवते आणि पुन्हा म्हणते, "इर्गी." म्हणजे उठली असशील, पण मराठीत उठू नकोस.

हे कोर्लई. मुरुड तालुका, जिल्हा रायगड. कुंडलिका नदी जिथं समुद्राला मिळते त्याच्या दक्षिण अंगाला डोंगराची एक सोंड पाण्यात गेलीय. तिच्यावर किल्ला. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलतात ती दुसऱ्या कुठल्या गावाची नाही. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. अभ्यासक तिला कोर्लईची क्रिओल पोर्तुगीज म्हणतात. घरात तिचं नाव नोलिंग. नो म्हणजे आपली, लिंग म्हणजे भाषा.

सून वसईची. लग्नाला आठ महिने झाले. तीही ख्रिस्तीच. वसईवर पोर्तुगीजांचं राज्य दोनशे वर्षं होतं, १५३४ ते १७३९. पण माहेरी तिनं मराठीच ऐकली. इथं आली आणि पहिल्या दिवशी जेवताना सगळं घर तिच्या डोक्यावरून बोलत होतं. "माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं," ती मला म्हणाली. मावशी म्हणाली, "बोलतच होतो."

तेव्हापासून मावशीनं ठरवलं. शिकवायचं. वर्ग नाही, वेळ नाही. काम करता करता.

कोरा चहा होतो. दोन कप त्या दोघींचे, एक माझा.

५:३५

वाडी घरामागे, पाच मिनिटांवर. अजून अंधार आहे. बॅटरी सुनेच्या हातात. नोव्हेंबरचा शेवट, त्यामुळं पायाखाली दव. मुळ्याचे वाफे, लाल माठाचे वाफे, कडेला वांगी. विहिरीवर एक अश्वशक्तीची मोटर. वीज असली तर मोटर, नसली तर रहाट. आज आहे.

मावशी उकिडवी बसते आणि मुळा उपटते. पानांच्या बुडाशी धरून, थोडा पीळ देऊन, सरळ वर. तिरका ओढला तर मोडतो आणि मोडलेला मुळा घरात खावा लागतो. सून माती झटकून बालदीत बुडवते, काढते, पाच-पाचची जुडी लावते. बांधायला केळीचं सोपट. आदल्या संध्याकाळी चिरून भिजत घातलेलं. सुतळी विकत घ्यावी लागते, केळ दारात आहे.

"काय करतेस?" मावशी विचारते. हा धडा.

सून जुडी बांधता बांधता अडखळते. तिला म्हणायचंय, पाणी पितेय. कारण तिनं नुकताच तांब्या तोंडाला लावलाय. मग म्हणते, "यो... बेबेन... तॅ."

मावशी मान हलवते. बरोबर.

मी वही काढतो. यो म्हणजे मी. बेबे म्हणजे पिणं. त्याला न लावला की बेबेन, पीत. शेवटी तॅ, आहे. मी पीत आहे. एका शब्दाखाली एक मराठी शब्द लिहीत जा, ओळ जुळते. काता म्हणजे गाणं. कातान तॅ, गात आहे. पोर्तुगीजमध्ये हा आहे आधी येतो, गात नंतर. दमणलाही अशीच एक पोर्तुगीज क्रिओल बोलतात, तिथंही तो आधीच येतो. कोर्लईनं तो उचलून मराठीच्या जागी ठेवला. शेजारीपाजारी राहून राहून. वसईच्या पोरीला म्हणून वाक्याची रचना शिकावीच लागली नाही. ती तिच्याजवळ होतीच. शब्द तेवढे बदलायचे.

शब्दांचंही सगळंच नवं नाही. ती ज्यात माती भरून टाकतेय ते घमेलं. ज्यात मुळा धुतेय ती बालदी. कोपऱ्यात पाणी साठवायला पिंप. तिन्ही शब्द पोर्तुगीज. चावी, पगार, साबण, पाव, बटाटा, कोबी, अननस, सगळे त्याच जहाजातून उतरले आणि आपण त्यांना केव्हाच घरात घेतलं. मी हे सांगतो तेव्हा मावशी थांबते. "मग पोर्तुगीज तुम्ही पण बोलता की," म्हणते. आणि पुढचा मुळा उपटते.

तीस जुड्या मुळ्याच्या. पस्तीस माठाच्या. चार किलो वांगी, शिवाय दोन किडकी निघाली, ती वेगळी.

बोटं लाल झालीयत. माठ विकत घेताना ही लाली दिसते, पण ती आधी कुणाच्या नखात गेलेली असते हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

७:१०

एसटी. दोन पाट्या, एक पिशवी. पाट्या चढवायला कंडक्टर हात देतो, रोजचा आहे. बायकांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून. मावशीला ती तारीख पाठ नाही, सुटे दहा रुपये पाठ आहेत.

गाडी साळावच्या पुलावर येते. खाली कुंडलिका. डावीकडे मागं वळून पाहिलं तर किल्ल्याचा डोंगर पाण्यात झोपल्यासारखा दिसतो. पोर्तुगीजांना चौलला कोट बांधायची परवानगी अहमदनगरच्या निजामशाहीनं दिली, १५२१ मध्ये. कोर्लईचा डोंगर त्यांनी निजामशाहीकडूनच लढून घेतला, १५९४ मध्ये. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेलं आणि पोर्तुगीज निघून गेले. जे मागं राहिले ते हे. खाडीच्या अलीकडचे. नंतर पोर्तुगीज राज्याशी त्यांचा संबंध फारसा उरला नाही, तर ते एकमेकांशी बोलले.

मावशी खिडकीला डोकं टेकून झोपलीय. पाटीवर एक हात आहे.

७:४०

रेवदंड्याचा बाजार. रस्त्याच्या कडेला तिची जागा ठरलेली. गोणपाट, त्यावर पाटी पालथी, त्यावर जुड्या. मुळा पुढं, पानं बाहेर. माठ मागं, ओल्या फडक्याखाली. पावतीवाला येतो, वीस रुपये. पावती ब्लाऊजमध्ये जाते.

"मुळा कसा?"

"पंधरा. दोन घेतल्या तर पंचवीस."

"काल दहाला होता."

"कालचा मुळा कालच संपला, बाय."

इथं मराठी. खणखणीत, चौलच्या वळणाची, एक शब्द अडत नाही. गिऱ्हाईक पर्यटक असेल तर हिंदी, तीही पुरेशी. नोलिंग पाटीखाली. ती फक्त शेजारच्या गोणपाटावर जाते. शेजारी कोर्लईचीच एक बाई वांगी घेऊन बसलीय. गिऱ्हाईक दोघींच्या मध्ये उभं राहून घासाघीस करतं तेव्हा या दोघी एक वाक्य बोलतात. बारीक आवाजात, मान न वळवता. गिऱ्हाईकाला कळत नाही. वांग्याचा भाव चाळिसावर उतरत नाही.

मी नंतर विचारलं, काय बोललात. मावशी म्हणाली, "व्याकरण."

सून इथं नसते. ती घरी. पण मावशी म्हणते की हिला बाजारात आणायला हवी, कारण ही भाषा घाईत लागते. घरात विचार करून बोलता येतं. बाजारात विचार केलात तर गिऱ्हाईक गेलं. आठ महिने घरात जे जमलं नाही ते इथं आठ दिवसांत जमेल, असं तिचं मत. मग का आणत नाहीत? "दोघी आलो तर दुपारचं कोण करणार?"

१०:५०

ऊन चढलं की माठ माना टाकतो. मुळ्याच्या अठरा जुड्या पंधरानं गेल्या, उरलेल्या बारा दहानं. माठाच्या अठ्ठावीस दहानं. उरलेल्या सात एका खाणावळवाल्यानं चाळीस रुपयांना उचलल्या, एकदम, न बघता. वांगी पन्नासनं दोनशेची.

मावशी बोटांच्या पेरांवर हिशेब करते. मराठीत. हिशेब मराठीतच येतो, म्हणाली, शाळेत तसाच शिकले. दोनशे सत्तर, एकशे वीस, दोनशे ऐंशी, चाळीस, दोनशे. नऊशे दहा. त्यातून पावती वीस, चहा दहा, गाडी जातानाची दहा, येतानाची मिनीडोर पंचवीस कारण एसटीला अजून दीड तास आहे. पालकाच्या बियाण्याचं पाकीट साठ. राहिले सातशे पंच्याऐंशी.

आणि दोन किडकी वांगी, घरची.

१२:२०

"मी काय म्हटलं काल? घर कुणाचं?"

सून भात उतरवतेय. सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, मुळ्याच्या पाल्याची भाजी. मोडलेले तीन मुळे चिरून मिठात.

घर म्हणजे काज. पोर्तुगीज कासा, शेवटचा स्वर गळालेला. लिंग्वाची लिंग झाली तशीच. शब्दाच्या शेवटचा आघात नसलेला स्वर कोर्लईत टिकत नाही. आपणही 'राम' लिहितो आणि म म्हणताना अ गिळतो, तसं. आणि काजातला ज आहे तो जहाजातला, जगातला नाही. वसईच्या पोरीला हा ज सहज येतो. लिस्बनच्या माणसाला आला असता का, शंका आहे.

"पण काज म्हणजे बटणाचं," सून हसते.

"बटणाचं पण घरच असतं," मावशी म्हणते.

कुणाचं घर हे सांगायचं तर मध्ये सु. पेद्रु सु काज. पेद्रूचं घर. मालक आधी, मालमत्ता नंतर, मराठीसारखं. पण मराठीत चा, ची, चे, च्या असं नाचवावं लागतं. पेद्रूचा मुळा, पेद्रूची वाडी, पेद्रूचं घर. इथं सगळीकडे सु. एकच.

यावर सून मनापासून बोलते. तिची अडचण शब्दांची नाहीच, म्हणते. अडचण ही की तिला सारखं वाटतं काहीतरी राहून गेलं. मराठीत गेला, गेली, गेलं. गायलो, गायले. आपण बाई आहोत हे क्रियापदात सांगावंच लागतं. नोलिंगमध्ये यो कातो. मी गायलो, मी गायले, दोन्हीला हेच. सासरा म्हणाला तरी कातो, सासू म्हणाली तरी कातो. वाक्य संपतं आणि तिची जीभ पुढं जाते, ले शोधत.

मला हसू आलं, कारण भाषेच्या नावातच ते आहे. मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या कुणालाही विचारा, लिंग म्हणजे काय. आणि नो म्हणजे काय ते आता सगळ्यांना येतं. नो लिंग. मी हे सांगितलं तेव्हा सून हसून हसून पदराला डोळे पुसायला लागली. मावशीला आधी कळलं नाही. कळल्यावर म्हणाली, "हे शाळेत पोरांना चिडवतात बाकीचे. त्याच्यात नवीन काय?"

मी गप्प बसून बोंबील खाल्ला.

१:४५

मावशी ओट्यावर आडवी. डोळे मिटलेले, पण झोप नाही. दिराचा मुलगा अलिबागच्या कॉलेजातून आलाय. मोबाइल घेऊन पायरीवर.

तो एक भाषा शिकतोय. क्लिंगॉन. 'स्टार ट्रेक' सिनेमातल्या परग्रहवासीयांची. १९८४ च्या तिसऱ्या सिनेमासाठी मार्क ओक्रंड नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं ती रचली, १९८५ मध्ये तिचा शब्दकोश आला, २०१८ पासून ड्युओलिंगोवर तिचा फुकट अभ्यासक्रम आहे. रोज दहा मिनिटं. पुतण्याचा सलग एकविसावा दिवस.

"त्याच्यात पण लिंग हाय," मावशी डोळे न उघडता म्हणते.

वाक्य कसं करतात, मी विचारतो. तो सांगतो की उलटं. कर्म आधी, मग क्रियापद, मग कर्ता. भाकरी खाते मी. ओक्रंडनं मुद्दाम केलं, जगातल्या माणसांच्या भाषांत हा क्रम फार कमी सापडतो म्हणून. मावशी तेवढ्यापुरती उठून बसते.

"भाकरी खाते मी. हे तर म्हणतात. भुकेलेला म्हणतोच."

पुतण्या गोंधळतो. खरंय, मराठीत शब्द कसेही फिरवा, चालतं, रागात, लाडात, घाईत. ओक्रंडला कोकणातली दुपार माहीत नसावी.

मग तो सांगतो की अमेरिकेत त्या भाषेची एक संस्था आहे, १९९२ पासूनची. नवीन शिकणाऱ्यांच्या शंका सोडवायला तिथं एकाला नेमायची पद्धत आहे. नवशिक्यांचा व्याकरणी. कुणी चुकीचं वाक्य केलं की तो समजावून सांगतो, काय चुकलं, का चुकलं.

"पगार किती?"

"पगार नाय. हौशीनं."

"मग माझ्यासारखंच," मावशी पुन्हा आडवी होते.

एक गोष्ट मी पुतण्याला सांगितली, ती त्याला माहीत नव्हती. ओक्रंडनं क्लिंगॉनच्या आधी एका खऱ्या भाषेचं व्याकरण लिहिलं होतं. म्युत्सून. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची. १९७७ मध्ये त्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली. ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस, एक म्हातारी बाई, १९३० मध्येच गेली होती. तिच्या शेवटच्या दिवसांत एका माणसानं तिच्याकडून उतरवून घेतलेल्या कागदांवरून त्यानं सगळं मांडलं. समोर विचारायला कुणी नाही. फक्त कागद.

पुतण्यानं मोबाइल खिशात घातला. ओट्यावर विचारायला माणूस आहे, तो तिला विचारत नाही, कारण त्याला ती भाषा येते. येणाऱ्या भाषेचं व्याकरण कोण विचारतं? मीही कधी माझ्या आईला मराठीचं विचारलं नाही.

नोलिंगवर पुस्तकं आहेत. गोव्यातल्या आसगावचे पाद्री सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडच्या, म्हणजे चौल-वसई-मुंबई भागातल्या पोर्तुगीज बोलींवर लिहिलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी कोर्लईवर अख्खं पुस्तक लिहिलं, १९९६ मध्ये. इंग्रजीत. या घरात त्यातलं एकही नाही. घरात पुस्तकं तीन: मराठी बायबल, प्रार्थनेचं पुस्तक आणि गॅसचं.

३:००

खळ्यावर भात झोडायचंय. भारे आठवड्यापूर्वी आणून रचलेत. वरच्या वाडीवरून दोन कातकरी बायका आल्यात. अर्ध्या दिवसाचे प्रत्येकी दोनशे, चहा वेगळा. लाकडी फळी तिरकी उभी, तिच्यावर पेंढी आपटायची. तीन आपट्यांत दाणे पडतात, चौथ्यात राहिलेले. पेंढा एका बाजूला. धूळ अंगावर, नाकात, पापण्यांवर. सून डोक्याला फडकं बांधून आलीय.

कातकरी बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलतायत. मावशी सुनेशी नोलिंगमध्ये. पाणी मागायचं, पेंढी पुढं ढकल म्हणायचं, चहा झाला का, यासाठी सगळ्यांची मराठी. एका खळ्यावर तीन भाषा. कुणी मोजत नाही.

४:४०

पोती हातगाडीवर. गाडी चढावर अडते. मावशी मागून ओरडते, "लोटू!"

सून लोटते. मग थांबते. "आई, हे तर मराठी."

"आता नाय."

हा मला दिवसभरातला सगळ्यात चांगला धडा वाटला. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग असतात, आ, ए आणि इ अंताचे. कोर्लईत ते आले, काता, बेबे, इर्गी. मग मराठी क्रियापदं यायला लागली, येणारच. त्यांना कुठं बसवायचं? कोर्लईनं चौथा वर्ग काढला. ऊकारान्त. मराठी धातू घ्या, ऊ लावा, तो आत आला. आत आला की त्याला बाकीच्यांचे सगळे नियम. बेबेन तॅ, तसं लोटून तॅ. आपल्याकडे लोटून म्हणजे लोटल्यावर. इथं लोटत. शब्द आपला, मुक्काम त्यांचा.

तीन खोल्यांच्या घराला पाहुण्यांसाठी मागं एक पडवी काढावी, तशी ही चौथी खोली. कुणी ठरवून काढली नाही. सभा झाली नाही. वाडीत, होडीत, खळ्यावर गरज पडली तशी निघाली.

वसईची पोर गाडीमागे वाकून ढकलतेय आणि स्वतःशीच शब्द करून पाहतेय. झोडू. झोडून तॅ. मावशी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गाडी चढ चढते.

५:५०

मजुरीचे चारशे दिले. सकाळच्या सातशे पंच्याऐंशीतले राहिले तीनशे पंच्याऐंशी. चहापत्ती संपलीय, ती वीस. मोटरचं बिल याच आठवड्यात आहे. मावशीचा मुलगा खाडीपल्याडच्या कंत्राटात आहे, त्याचा पगार महिन्याच्या सातला होतो, कधी बाराला. दोन आकडे ती शेजारी शेजारी ठेवते, बोलत काही नाही.

७:००

रोझरी. ओट्यावरचा दिवा. घरातले सगळे, शेजारचे दोघं. प्रार्थना मराठीत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, लॅटिन जाऊन लोकांच्या भाषा देवळात आल्या. इथं लोकांची भाषा म्हणून मराठी आली.

कोपऱ्यात मावशीची सासू. वय ऐंशीच्या पुढं, नक्की कुणाला माहीत नाही. ती मराठी ओळींच्या खाली दुसरंच काही पुटपुटतेय. लहानपणी पाठ केलेलं पोर्तुगीज. दोन्ही एकाच वेळी संपतं.

नंतर तिनं सुनेकडे पाणी मागितलं. एक वाक्य. सून पाणी घेऊन आली, पण मला हळूच म्हणाली, "आजी वेगळं बोलतात. आईंसारखं नाही." बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी क्रियापद पुष्कळदा आधी येतं, पोर्तुगीजसारखं. मधल्या पिढीत ते मागं सरकलं. शाळेत मराठी शिकलेल्यांच्या तोंडी शेवटी जाऊन बसलं. क्लेमंट्सनी हे टिपून ठेवलंय. सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या कानानं पकडलं.

मावशीला विचारलं, खरं कुठलं? तुमचं की आजींचं?

"तिचं जुनं. माझं बाजारचं."

"आणि सुनेला कुठलं शिकवणार?"

"जे येतं ते."

८:३०

जेवण. दुपारचं कालवण, नवी भाकरी. किडक्या वांग्यांचा चांगला भाग कापून भरीत केलंय.

मुलगा पाळीवरून आलाय. बायकोशी मराठीत बोलतो, आईशी नोलिंगमध्ये, एकाच घासात. मावशी डोळे मोठे करते. तो बायकोकडे वळून तेच वाक्य नोलिंगमध्ये म्हणतो, हळू, शब्द सुटे करून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. सून वैतागते. "असं नका बोलू. भरभर बोला. नाही कळलं तर विचारीन."

भरभर बोलला. तिला नाही कळलं. विचारलं.

९:१५

सुनेची वही. शंभर पानी, तीस रुपये. डाव्या पानावर नोलिंग, उजव्या पानावर मराठी, दोन्ही देवनागरीत. दुसरी लिपी कोणाला सुचलीच नाही. तॅ लिहायला ती डोक्यावर चंद्र काढते. काज लिहून पुढं कंसात लिहिलंय, बटणाचं नाही.

आज चार ओळी. बेबेन तॅ. पेद्रु सु काज. यो कातो, पुढं ले लावायचा नाही. आणि लोटू. झोडूपुढं प्रश्नचिन्ह.

मावशीला अक्षर लांबून दिसत नाही. चष्म्याची एक दांडी मोडलीय, दोरा बांधलाय. वही हातात धरून दूर नेते, जवळ आणते. बोट प्रश्नचिन्हावर येऊन थांबतं.

"झोडू?" ती मुलाला विचारते. मुलगा खांदे उडवतो. सासूकडे बघते. ती झोपलीय.

मावशी पेन मागते आणि प्रश्नचिन्ह खोडते.

मोबाइलचा गजर ४:४५ चा. उद्या माठ जास्त, मुळा कमी. केळीचं सोपट बादलीत भिजत घातलंय.